पैलवानाची खाज

ताईने कुत्र्याचा कान उलटा केला आणि आतून बोट फिरवलं. कान लालभडक होता, गेल्या रविवारपेक्षा जास्तच. तिला बरं वाटलं.

"बघ," ती म्हणाली. "काडीचाही फरक नाही."

स्वयंपाकघराच्या दारात भावजय उभी होती. तिच्या हातात पैलवानाचा वाडगा होता, वाडग्यात उकडलेला मासा आणि रताळं, दोन्ही बारीक कुस्करलेलं.

"काल मला थोडा कमी लाल वाटला होता," ती हळूच म्हणाली.

"वाटला असेल."

ताईने कान सोडला. पैलवानाने लगेच मागचा पाय उचलून तोच कान खराखरा खाजवला, इतका की तोल जाऊन कलंडला. नाव पैलवान, अंगकाठी मूठभर. कलंडला तसा उठला आणि पुन्हा ताईच्या हातांना भिडला. आधी उजवा तळहात, मग डावा, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगटं. दर रविवारी हे असंच चालायचं. ताई दुपारी बेकरी बंद करून तडक भावाच्या घरी यायची, आणि चप्पल काढायच्या आत हे चाटणं सुरू व्हायचं. ती हात पुढे धरून बसून राहायची. भावजयीचे हात तो नुसते हुंगायचा. हे ताईच्या नजरेतून सुटलं नव्हतं, आणि भावजयीच्याही नजरेतून सुटू नये अशी तिची मनापासून इच्छा होती.

"जनावराला माणूस कळतं," ती म्हणाली.

"हो ना," म्हणून भावजयीने वाडगा खाली ठेवला. पैलवानाने वाडग्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा तर ताईला फारच बरं वाटलं.

तशी ती काही दुष्ट बाई नव्हती. पैलवानाच्या पोटाखालचे केस गेले होते, काखेत चट्टे उठले होते, चावून चावून पंजे तांबडे झाले होते, आणि हे सगळं पाहून तिच्या पोटात कालवायचंही. पण कालवणं वेगळं आणि बरं वाटणं वेगळं. एकाच पोटात दोन्ही मजेत राहतात.

खाज सुरू झाली होती तिच्याच घरी, मागच्या हिवाळ्यात. शाम्पू झाले, मलमं झाली, पिसवांचं औषध झालं. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की खाण्यातलंच काहीतरी याला सोसत नाही. काय सोसत नाही ते रक्त तपासून धड कळत नाही. दोन महिने त्याने आजवर कधी न खाल्लेलं असं काहीतरी द्यायचं, तेवढंच द्यायचं, दुसरा कणसुद्धा नाही. त्याने बरा झाला तर मग जुने पदार्थ एकेक करून परत द्यायचे आणि चोर पकडायचा. मासा ताईच्या घरात कधी शिरलाच नव्हता, तिला त्याचा वास सोसत नसे. म्हणून मासा ठरला.

तिथवर सगळं ठीक होतं. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभर याच्यावर लक्ष ठेवायला घरी कोण असतं?"

ताई पहाटे बेकरीत जायची ती दुपार टळल्यावर घरी यायची. धाकटा भाऊ ऑफिसात. त्याला सगळे छोट्या म्हणत, जरी तो दारातून वाकून आत यायचा. भावजय मात्र घरीच बसून लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढायची.

"मी असते की," ती म्हणाली होती.

इतक्या सहज म्हणाली, की ताईला तिथल्या तिथे तिचा राग आला. मी असते की! जणू जागा धरूनच बसली होती. आई गेल्यावर छोट्याला ताईने वाढवलं. मग एका संध्याकाळी छोट्या कोटाच्या खिशात पिल्लू घालून घेऊन आला, ते पिल्लूही तिनेच वाढवलं. छोट्या लग्न करून दोन बसथांबे पलीकडे राहायला गेला तेव्हा ती रडली नाही. मला माझा पैलवान आहे, म्हणाली. आता पैलवानही त्याच पत्त्यावर. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती हीच बाई, असं ती बेकरीत हाताखाली काम करणाऱ्या मावशींना रोज ऐकवायची. मावशी कणीक मळता मळता "तर काय" म्हणायच्या. त्या सगळ्यालाच "तर काय" म्हणत.

पैलवानाला पोचवताना ताईने सोबत एकच गोष्ट दिली, ती म्हणजे अंगावरचा ॲप्रन.

"हा याच्या अंथरुणात ठेव," तिने भावजयीला बजावलं. "माझा वास नसला तर झोपत नाही तो. आणि धुऊ नकोस हं. धुतला की संपलं."

दर रविवारी ती जुना ॲप्रन परत न्यायची आणि त्या दिवशीचा अंगावरचा काढून द्यायची, म्हणजे वास ताजा राहील. पैलवान ॲप्रन तोंडात धरून कोपऱ्यात न्यायचा आणि त्याचे बंद चघळत पडायचा. ते बघताना ताई भावजयीकडे बघायची. भावजयीने मात्र एकदाही तो धुतला नाही. सांगितलेलं काम ती चोख करायची. हाही तिचा एक राग येण्याजोगा गुण होता.

महिना उलटला तेव्हा तिघं मिळून पैलवानाला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी दिव्याखाली पोट पाहिलं, पंजे फाकवून पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"कोणीतरी काहीतरी देतंय," त्या म्हणाल्या.

"कोणी नाही देत," भावजय म्हणाली.

"शेजारी? पाहुणे? गोळी कशात घालून देता?"

"माशातच."

"मग ताटं. उष्टं ताट चाटलं तरी पहिले पाढे पंचावन्न. कणभरसुद्धा खूप होतं याला."

"ताटं मी जेवल्या जेवल्या धुते." भावजयीची मान लाल झाली होती. छोट्याने तिच्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं, पण ते पाहणं ताईने ओळखलं. लहानपणी बरणीतली बिस्किटं कमी झाली की ती स्वतः त्याच्याकडे असंच पाहायची.

तिथे गप्प बसता आलं असतं. ताई बसली नाही.

"अगं, रागावून कोण बोलतंय तुला," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "आपण जेवत असलो की तो असा तोंडाकडे बघत बसतो. कुणाचाही जीव तुटेल. लाडात जात असेल एखादा तुकडा. तुला कुत्र्याची सवय नाही ना."

"मी नाही दिलं, ताई."

"दिलंस असं कुठे म्हणतेय मी? पडतं, सांडतं."

"त्या दिवशी तू ऑम्लेट करत होतीस," छोट्या म्हणाला, "तेव्हा हा कुठे होता?"

"गॅलरीत. दार लावून." भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं. "तूच लावलं होतंस दार."

छोट्याने खांदे उडवले. डॉक्टरीणबाई हात धुवायला वळल्या. घरातली भांडणं त्यांना पाठ असावीत.

"मी नेते त्याला माझ्याकडे," ताई म्हणाली. "पहाटेची भट्टी मावशींवर सोपवते. थोडे दिवस द्या मला, त्यांना तयार करते, मग मी दिवसभर घरीच. बघू कसा बरा होत नाही ते."

घर बदलून पाहायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परतताना बसमध्ये भावजय खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे मधूनच हलत होते. ताईला ते दिसलं. पैलवान ताईच्या मांडीवर होता, आणि तिची बोटं चाटत होता.

त्यानंतरचे तीन-चार रविवार ताईला भावाकडे जायला जमलं नाही. कामं का थोडी होती! पैलवान येणार म्हणून तिने घर कानाकोपऱ्यातून पुसून काढलं. नाकाला रुमाल बांधून मासा उकडायचा सराव केला, दोनदा करपवला, आणि खिडक्या उघड्या टाकून जिन्यात जाऊन बसली. भावजयीला जमतं ते आपल्याला जमू नये म्हणजे काय! उरलेला वेळ बेकरीत मावशींना तयार करण्यात जायचा. कणीक फुगली कशी ओळखायची, भट्टी किती तापवायची, हे मावशींना येत होतंच. अडत होतं ते गोड बनच्या बाबतीत. हे बन ताईने मागच्या हिवाळ्यात सुरू केले होते आणि तेव्हापासून सकाळी दुकानापुढे रांग लागायची. वरून तकाकी अशी, की बघून माणसाने थांबावं. भट्टीत सारायच्या आधी बनना वरून फेटलेलं अंडं लावायचं, त्याची ती तकाकी. इतर बेकऱ्यांत ते ब्रशने लावतात. ताई चार बोटं भांड्यात बुडवायची आणि एका फटक्यात एक बन उरकायची. मधून मधून हात ॲप्रनला पुसायचा, की पुढचा ट्रे.

"ब्रश का नाही हो घेत?" मावशींनी विचारलं.

"ब्रशला काय कळतंय? किती लागलं ते बोटांना कळतं."

"तर काय," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनीही बोटं बुडवली.

मावशींचा हात बसला तशी ताई पैलवानाला आणायला निघाली. दुकान बंद करून तडक, नेहमीसारखी. बसमध्ये ती मनातल्या मनात भावजयीशी अतिशय गोड बोलत होती. वाईट वाटून घेऊ नकोस, तू तुझ्या परीने केलंस, एकेकाच्या हातगुणाची गोष्ट असते. हे शेवटचं वाक्य तिने दोन-तीनदा घोळवून पाहिलं.

दार उघडताच पैलवान अंगावर आला. हात चाटायला लागला, शेपटीसकट सगळा हलत होता. ताईने खाली बसून एक हात सोडवून घेतला आणि सवयीने त्याचा कान उलटा केला.

कान आतून फिका गुलाबी होता, कोरडा. तिने दुसरा पाहिला. तोही तसाच. पुन्हा पहिला पाहिला. मग त्याला उताणा केला. पोटावर बारीक मऊ लव आली होती, चट्ट्यांच्या जागी नुसते डाग उरले होते. पंजे पांढरे होते. ती लाल जागा शोधत राहिली आणि तिला ती मिळाली नाही. खरं तर आता तिला बरं वाटायला हवं होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोनेक आठवडे झाले असतील, खाजवत नाही," भावजय म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला होता. भिंतीशी टेकून उभी होती.

छोट्या मोठ्या पिशवीत पैलवानाचं सामान भरत होता. वाडगा, पट्टा, कंगवा, एक जुनी फुलाफुलांची चादर. "डॉक्टरीणबाईंनी कान उपटले ते बरं झालं," तो म्हणाला. "तेव्हापासून हिचा हात आवरला. आता तुझ्याकडे तर प्रश्नच नाही, ताई."

टेबलावर ताईचा ॲप्रन होता. धुतलेला, इस्त्री केलेला, चौकोनी घडी घातलेला. ताई त्याच्याकडे बघतेय हे पाहून भावजय पुढे झाली.

"ताई, रागावू नका. चुकून मशीनमध्ये गेला तो. तुम्ही आला नाहीत, दुसरा नव्हता, मग त्याला माझी चादर घातली. झोपतो तसा नीट."

"बरं."

"आणि तिकडे नेल्यावर..." ती थांबली. "घरातलंच काहीतरी घाला ना त्याला अंथरायला. धुतलेलं. बेकरीतलं नको. आणि तुम्ही बाहेरून आलात की आधी हात धुऊन मग त्याला घेत जा. म्हणजे धुळीचं म्हणतेय मी. बाहेर धूळ असते ना."

"चुकून कसला मशीनमध्ये?" पिशवीत डोकं घातलेला छोट्या म्हणाला. "दोन दिवस बादलीत भिजत होता. गॅलरीत बसून ब्रशने घासत होतीस. मी म्हटलं, मशीनला टाक, तर म्हणे मशीनने निघत नाही. काय निघत नव्हतं गं एवढं?"

"पीठ," भावजय म्हणाली. "तू जरा गप्प बस."

पीठ पाण्याने निघतं. बेकरीत आयुष्य गेलेल्या बाईला हे कोणी सांगायला नको होतं. कितीही घासलं तरी निघत नाही, कापडाच्या विणीत जाऊन बसतं आणि पापुद्र्यासारखं कडक होतं, ते वाळलेलं अंडं. ताईने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना पिवळट चकाकी होती, आणि बोटांच्या बेचक्यांत पैलवानाची जीभ मन लावून काम करत होती.

तिने दोन्ही हात झटक्याने वर घेतले. पैलवान मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्या मागे लागला. त्याला वाटलं, खेळ आहे.

भावजय तिच्याकडे बघत नव्हती. ती चादरीचं बाहेर आलेलं टोक पिशवीत खोचत होती, पुन्हा पुन्हा तेच टोक. म्हणजे हिला कळलं होतं. कळून दोन-तीन आठवडे झाले होते, आणि हिने ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. तो रोज हिलाच बोल लावत होता आणि ही ऐकून घेत होती. आज कुत्राही देऊन टाकणार होती, ठपक्यासकट, आणि वर धुळीचं निमित्त करून ताईची लाज झाकणार होती. ताईला आजवर हिचा हेवा वाटला होता तो काहीच नव्हे. आत्ता वाटला तो खरा. भाऊ नेला, कुत्रा नेला, आता मोठेपणाही हिनेच न्यायचा?

पिशवी उचलायची आणि निघायचं, एवढंच तर होतं. घरी गेल्यावर हात धुतले असते, बेकरीचे कपडे दाराबाहेर ठेवले असते. पैलवान बराच राहिला असता. बघा, ताईकडे गेला आणि सुधारला, असंच सगळे म्हणाले असते. खरं भावजयीला एकटीलाच माहीत होतं, आणि ती एकटी तोंड उघडणाऱ्यातली नव्हती.

ताई उठून मोरीत गेली. साबण घेऊन तिने कोपरापर्यंत हात धुतले, नखं नखांनी कोरली, पुन्हा धुतले. पैलवान उंबऱ्यावर बसून वाट बघत होता. ती बाहेर आली, खाली बसली आणि नेहमीसारखे हात पुढे केले. त्याने उजवा हात हुंगला. डावा हुंगला. बोटांमध्ये नाक घालून पाहिलं. मग मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं, चाटलं मात्र नाही. थोडा वेळ तसाच थांबला आणि पिशवीपाशी जाऊन चादरीचं टोक दातात धरून बाहेर ओढायला लागला.

"ए, सोड," छोट्या म्हणाला.

"तूच सोड," ताई म्हणाली. "राहू दे त्याला इथे."

"इथे? अगं, एवढी मावशींना शिकवत बसलीस ती कशाला? आणि हिने परत काही दिलं म्हणजे?"

"हिने काही दिलेलं नाही." ताईचा आवाज चढला. "एक कण दिलेला नाही. मी देत होते. हातावरून."

"हातावरून म्हणजे?"

"अंडं. माझ्या हाताला असतं, ॲप्रनला असतं. मी दर रविवारी येत होते ना इथे, प्रेमाने, ते घेऊन."

छोट्या एकदा बहिणीकडे आणि एकदा बायकोकडे बघत राहिला. त्याचा चेहरा बरणीपाशी सापडल्यासारखा झाला होता.

"बघतोस काय?" ताई म्हणाली. "महिनाभर बोललास तिला. माफी माग."

"तूही बोललीस," छोट्या म्हणाला.

ताईने पदराला हात पुसले, ते कोरडे होते तरी. भावजय म्हणाली, "राहू द्या हो, ताई. चहा टाकते मी." तिचे डोळे भरून आले होते, आणि ताईला नेमकं तेच बघायचं नव्हतं.

"नको. निघते मी," ताई म्हणाली. दारापाशी जाऊन ती पाठमोरीच थांबली. "मासा चांगला उकडतेस तू. मला नाही जमला."

"रविवारी याल ना?"

"येईन. आंघोळ करून येईन."

ती जिना उतरायला लागली. ती निघाली की दारामागे पैलवान रडायचा, आणि ती खालच्या वळणावर उभी राहून ते पूर्ण ऐकून मगच पुढे जायची. आजही ती थांबली. आजही तो रडला. मग भावजयीचा आवाज आला, शब्द कळले नाहीत, आणि तो गप्प झाला. ताई आणखी थोडा वेळ कठड्याला धरून उभी राहिली. तिच्या मते तो जरा लवकरच गप्प झाला होता.